उद्याच्या जुन्या गाड्या

मुलांनो,

आज एक कोडं घालते. तुमच्या गल्लीत, सोसायटीत किंवा गावच्या स्टँडबाहेर ज्या मोटारी उभ्या असतात, त्या डोळ्यांसमोर आणा. आता सांगा पाहू, यातली कोणती गाडी आणखी पन्नास वर्षांनी लोक थांबून थांबून बघतील?

"सगळ्यांत महाग असेल ती!" असं तुमच्यातलं कुणी तरी नक्की म्हणणार. पण थांबा हं. उत्तर इतकं सोपं नाही.

प्रीमियर पद्मिनीचंच घ्या. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी. काळ्या-पिवळ्या रंगातली टॅक्सी म्हणजे पद्मिनीच, असं एके काळी मुंबईचं समीकरण होतं. तेव्हा तिचा फोटो काढायला कोण थांबणार? हात केला की येई, पैसे दिले की जाई. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची वीस वर्षं भरली आणि पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. मग मात्र सगळे हळहळले! वर्तमानपत्रांत लेख आले, जुने फोटो छापून आले. म्हणजे बघा, जी गाडी रोज दिसत होती ती दिसेनाशी झाली, तेव्हा तिची किंमत कळली.

जगात काही गाड्या मुळातच दुर्मिळ असतात. मर्सिडीज कंपनीने १९५५ साली एका प्रकारच्या फक्त दोन मोटारी बनवल्या. त्यातली एक २०२२ मध्ये लिलावात १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. म्हणजे आपले हजार कोटींहून जास्त रुपये! पण ती झाली राजेरजवाड्यांची गोष्ट. आपल्या घरांतल्या गाड्या वेगळ्या कारणांनी मोलाच्या ठरतात. एक, ती गाडी कशात तरी पहिली असावी लागते. दोन, तिच्याशी पुष्कळ माणसांच्या आठवणी जोडलेल्या असाव्या लागतात. आणि तीन, चांगल्या अवस्थेतल्या थोड्याच उरलेल्या असाव्या लागतात.

या तीन कसोट्या लावून आपण चार गाड्या तपासू.

मारुती ८०० ची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. तीन सिलिंडरचं छोटंसं इंजिन, पण मध्यमवर्गीय घरात मोटार आणली ती हिनेच. २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं. तोवर पंचवीस लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या होत्या. इतक्या गाड्या म्हणजे ती दुर्मिळ कशी होणार? पण १९८६ मध्ये तिचा आकार बदलला. त्याआधीच्या, पहिल्या आकाराच्या किती गाड्या तुम्ही पाहिल्यात? विचारा बरं बाबांना!

इंडिका पुण्यात तयार झाली. १९९८ च्या अखेरीस ती बाजारात आली. भारतीय कंपनीने स्वतः घडवलेली मोटार म्हणून तिचं केवढं कौतुक झालं होतं! पुढे ती टॅक्सी म्हणून खूप पळाली. लाखो किलोमीटर धावलेल्या गाडीचा पत्रा आणि गाद्या चांगल्या कशा राहणार? म्हणून नीट जपलेली पहिल्या वर्षांतली इंडिका हे उद्याचं घबाड ठरू शकेल.

रेवा ही बंगळूरची, दोन दारांची, विजेवर चालणारी चिमुकली गाडी. ती २००१ साली आली. विजेच्या गाड्यांचा आज केवढा बोलबाला आहे, पण तेव्हा लोक तिला खेळणं म्हणत. लंडनच्या रस्त्यांवरही ती 'जी-विझ' नावाने फिरली.

आणि नॅनो! रतन टाटांनी २००८ साली दाखवलेली लाखाची गाडी. इंजिन मागे, पुढच्या काचेला एकच वायपर, चाकाला तीनच नट. पैसा वाचवण्यासाठी केलेल्या या युक्त्या आहेत. लोकांनी तिला 'स्वस्तातली' म्हणून नाकं मुरडली आणि २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण माझं मत विचाराल, तर पैज मी नॅनोवरच लावीन. एवढी धाडसी कल्पना रोज रोज कुणाला सुचत नाही.

आता थोडं गणित करू. सरकारच्या २०२१ च्या नियमानुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतं. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. सगळ्यांत जुनी मारुती ८०० पन्नाशी गाठणार डिसेंबर २०३३ मध्ये. नॅनो रस्त्यावर आली २००९ मध्ये, तिची पन्नाशी २०५९ साली. तेव्हा तुम्ही चाळिशीच्या पुढे असाल!

पण खासगी गाडीची नोंदणी आधी असते पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी, शुल्क, दुरुस्ती. पंधरा ते पन्नास, मधली पस्तीस वर्षं गाडी ना नवी, ना व्हिंटेज. नुसतीच जुनी! याच काळात बहुतेक गाड्या भंगारात जातात. सगळ्याच जपाव्यात असंही नाही. धूर ओकणारी, ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावर नकोच. पण 'हिच्यासारख्या पुष्कळ आहेत' असं म्हणून प्रत्येकानेच आपली मोडीत काढली, तर मागे एकही उरणार नाही.

आजच्या नव्या गाड्या जपणं तर आणखी अवघड. पद्मिनीचा बिघाड मेकॅनिक कानाने ओळखायचा. आताच्या गाडीत पडदे, सेन्सर आणि संगणक असतात. पन्नास वर्षांनी पत्रा चकचकीत असेल, पण तो संगणक कोण दुरुस्त करणार? उद्याच्या संग्राहकाला पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर पुरणार नाही. त्याला संगणकाची भाषाही यायला हवी. तुमच्यातल्या कुणाला हे काम आवडेल?

या आठवड्याचा उद्योग : वहीत चार रकाने आखा. गाडीचं नाव, कोणत्या सालची, कुणाची आणि त्या घरातली तिची एक आठवण. निदान पाच गाड्यांची माहिती भरा. मालकाला विचारल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, बरं का! स्कूटर आणि मोटारसायकलही चालेल.

आणि पालकांनो, एक विनंती. गाडी विकून झाली असेल तरी तिचा फोटो, माहितीपुस्तिका आणि खरेदीची जुनी पावती फेकू नका. एका फाइलमध्ये ठेवून ती फाइल मुलांच्या हाती द्या. गाडी जपायला अंगण लागतं, कागद जपायला कपाटाचा एक कोपरा पुरतो.