दहा अवतार आणि एक बंद दार

परवाच्या टपालात विरारच्या एका भगिनींचं चार पानी पत्र आलं. एरवी या सदराकडे येणारी पत्रं लोणच्याला बुरशी का येते, सुनेशी कसं जुळवून घ्यावं, अशी असतात. हे पत्र मात्र वेगळं होतं. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा. कॉलेजातून आला की जेवणाचं ताट घेऊन खोलीत जातो आणि दार लावून घेतो. आतून जे ऐकू येतं त्याला गाणं म्हणावं की आरडाओरडा, हे त्यांना कळत नाही. एकदा त्यांनी मोबाईलवर नाव वाचलं, तर ‘दशावतार’! खाली ओळीने मत्स्य, कूर्म, वराह. त्या लिहितात, ‘देवांची नावं घेऊन हे असं किंचाळायचं? त्या दिवशी माझा संताप अनावर झाला. मी त्याच्या कानातला हेडफोन ओढला. वायर तुटली. त्याला आज दोन महिने झाले. तेव्हापासून तो माझ्याशी हो-नाहीच्या पलीकडे बोललेला नाही. मी चुकले का?’

मैत्रिणींनो, न चाखता भाजीला नावं ठेवू नयेत, असं माझी आई म्हणायची. म्हणून ठरवलं, उत्तर लिहिण्याआधी हे ऐकायचं. नालासोपाऱ्याला माझ्या बहिणीचा मुलगा राहतो. त्याला या संगीताचा नाद आहे, हे ठाऊक होतं. त्याला फोन केला, तर स्वारी रविवारी दुपारी वसईत हजर. बरोबर छोटा स्पीकर आणि चेहऱ्यावर ‘मावशी, झेपेल का तुला?’ असा भाव.

आधी थोडी ओळख करून देते. ही ध्वनिमुद्रिका ‘डेमोनिक रिझरेक्शन’ नावाच्या बँडची. नाव भयंकर आहे खरं, पण मंडळी आपल्या मुंबईचीच. साहिल मखीजा या गायक-गिटारवादकाने 2000 साली हा बँड काढला. ‘दशावतार’ आली 2017 मध्ये. म्हणजे तशी जुनी, पण त्या मुलाला आत्ता सापडली आणि मला तर त्याहून नंतर. दहा अवतारांची दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. शब्द इंग्रजी.

मेटल म्हणजे रॉक संगीताचा सगळ्यात जड, कर्कश भाऊ. त्यात पुन्हा पोटजाती पुष्कळ. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात त्यात गाणी लांबलचक असतात आणि ताल मध्येच बदलतो. सरळ चार मात्रांत चाललेलं गाणं एकदम पाचात, सातात जातं. आपल्याकडे रूपक सात मात्रांचा असतोच की! या बँडचं संगीत मात्र एकाच जातीचं नाही. भाचा म्हणाला, ‘मिसळ समज. थोडं डेथ मेटल, थोडं ब्लॅक मेटल, वर कीबोर्डचा वाद्यवृंद.’ ते स्वतः त्याला ‘डेमोनिक मेटल’ म्हणतात.

आता पहिलं मत, अगदी प्रामाणिकपणे. मत्स्यावताराला मी दचकले. कूर्मावताराला चहाचा कप खाली ठेवला. वराहापर्यंत डोकं दुखायला लागलं. ढोलाचा आवाज इतका जलद की मला वाटलं यंत्र बिघडलंय. तेव्हा भाच्याने सांगितलं, ढोलवाला मोठ्या ढोलावर दोन्ही पायांनी दोन पायडल मारतो. हे ऐकल्यावर मात्र माझे कान टवकारले. बत्तीस वर्षं मी शिवणयंत्र चालवलं आहे. दोन पायांचा वेग सारखा राखणं किती कठीण, आणि जरा चुकलं की दोरा कसा तुटतो, हे मला कुणी शिकवायला नको. त्या माणसाचा दोरा कुठेच तुटला नव्हता.

मग तो आवाज. घशातून घोगरी डरकाळी, तिला ‘ग्राउल’ म्हणतात. मला वाटलं, हा बिचारा दुसऱ्या दिवशी बोलू शकत नसेल. तसं नाही. आपल्या खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात. एरवी गाताना त्या वापरत नाहीत. ग्राउलमध्ये त्यांना कंप देतात. रीत शिकून, श्वास सांभाळून केलं तर घसा टिकतो, नुसतं ओरडलं तर बसतो. म्हणजे इथेही रियाज आलाच. आणि तोच गायक मध्येच साध्या, स्वच्छ गळ्याने गातो, तेव्हा खोलीची खिडकी उघडल्यासारखं वाटतं. आपल्याकडच्या वाद्यांचे सूरही मधून डोकावतात.

चौथा नरसिंह. इथे मी उठून बसले. खांब फोडून बाहेर आलेला, अर्धा माणूस, अर्धा सिंह, उंबरठ्यावर बसून हिरण्यकशिपूचं पोट फाडणारा. लहानपणापासून कथा ऐकली, पण आपल्या डोळ्यांपुढे येतो तो कॅलेंडरवरचा, गुळगुळीत रंगवलेला नरसिंह. प्रल्हादाला त्या क्षणी काय ऐकू आलं असेल? लता मंगेशकरांचा आवाज तर नक्कीच नसेल. सिंहाचा आवाज डरकाळीचाच असायचा.

आणि मग मला आमच्या तळकोकणातल्या आजोळची आठवण झाली. देवळापुढे रात्रभर दशावतारी नाटक चालायचं. सुरुवातीला संकासुर काळा वेष करून यायचा. त्याने वेद पळवले म्हणून विष्णू त्याला मारतो. मत्स्यावताराची ही कथा. पुढे आख्यान रंगलं की राक्षस असा गर्जत यायचा की आम्ही पोरं आजीच्या पदरात शिरायचो. देवाच्या दारात, देवाच्या गोष्टीत, एवढा आरडाओरडा! पण कुणी म्हटलं नाही की हा अपमान आहे. उलट ज्याची गर्जना जबर, त्याचं दुसऱ्या दिवशी कौतुक. तेव्हा विरारच्या भगिनींनो, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तरी इथे मिळालं. आवाज मोठा म्हणून भक्ती खोटी ठरत नाही. अर्थात ही मंडळी भक्तीने गातात की गोष्ट आवडली म्हणून, ते मी कसं सांगू? पण दहाही अवतार ओळीने, एकही न गाळता घेतले आहेत. आपल्या घरातल्या किती मुलांना दहा नावं क्रमाने येतात, विचारून पाहा बरं!

सहावा परशुराम. हा तर आपला गाववाला. परशू फेकून समुद्र हटवला, कोकण केलं, ही कथा सगळ्यांना ठाऊक. पण आपल्या निर्मळच्या तळ्याशीही परशुरामाने विमलासुराला मारल्याची कथा जोडलेली आहे. दर कार्तिकात जत्रेला जातो, केळी-सुकेळी घेतो, घरी येतो. ती कथा शेवटची कधी सांगितली मुलांना? मी तरी सांगितली नव्हती. त्या रविवारी भाच्याला सांगितली. त्याने गाणं थांबवून ऐकली.

नववा बुद्ध. इथे माझं आणि भाच्याचं जुंपलं. मी म्हटलं, ‘बाकीचे ठीक, पण बुद्धाला ही आदळआपट कशाला?’ आपल्या जुन्या पंचांगांच्या चित्रांत तर कुठे कुठे नवव्या जागी विटेवरचा विठ्ठल असतो, तोही शांत उभा. भाच्याच्या घरापासून सोपाऱ्याचा स्तूप हाकेच्या अंतरावर. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, तेव्हा दगडी पेटीत, एकात एक ठेवलेल्या करंड्यांत, भिक्षापात्राचे म्हणून जपलेले मातीचे तुकडे सापडले. इतक्या हळुवारपणे जपलेल्या माणसाला हा गोंगाट? भाचा म्हणाला, ‘मावशी, गोंगाट त्याच्या आजूबाजूच्या जगाचा असेल.’ मला पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. पण आमचा वाद अर्धा तास चालला. या मुलाशी मी अर्धा तास शेवटचं कधी बोलले होते, ते मला आठवेना.

जाता जाता एक गंमत सांगते. हा डरकाळ्या फोडणारा साहिल मखीजा यूट्यूबवर स्वयंपाकाचा कार्यक्रमही करतो. नाव ‘हेडबँगर्स किचन’. अंगावर काळा टी-शर्ट, आणि पीठ-साखर टाळून करायच्या कीटो पद्धतीच्या पाककृती अगदी गोड बोलून शिकवतो!

आता तुमचा दुसरा प्रश्न, ‘मी चुकले का?’ गाणं आवडलं नाही, यात काही चूक नाही. मलाही दहातली तीनच पुन्हा ऐकावीशी वाटली. पण वायर ओढली ती चूक. ती आधी बदलून आणा, आणि चुकले म्हणून एकदा सांगा. आईने मुलाची माफी मागितली तर आईपण कमी होत नाही.

मग त्याला विचारा, ‘दहातलं मला आधी कुठलं ऐकवशील?’ ऐकताना ‘वा वा’ करू नका. मुलांना खोटं कौतुक लगेच कळतं. नाही आवडलं तर का नाही, ते सांगा. त्याला भांडू द्या. नरसिंहाची गोष्ट त्याला तुमच्याइतकी कुणी सांगणार नाही.

तरीही दार बंदच राहिलं, जेवण-झोप बिघडली, मित्र सुटले, अभ्यासातून मन उडालं, तर मात्र गाण्याला दोष देत बसू नका. डॉक्टरांना भेटा. दोन महिन्यांचा अबोला हा गाण्यापेक्षा मोठा आवाज आहे.

आणि एक काळजी सगळ्याच आयांनी घ्यावी, मुलं भजन ऐकोत की मेटल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्याला चाळीस तास ऐकायचं तर आवाज 80 डेसिबलपर्यंत असावा. 90 डेसिबलला तेच चार तासांवर येतं. हेडफोन लावलेल्या मुलाला हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारा. ऐकू गेली नाही, तर आवाज जास्त आहे. कानात शिट्टी वाजते असं तो म्हणाला, तर कान तपासून घ्या.

भाचा निघताना म्हणाला, ‘पुढच्या रविवारी दुसरं आणतो.’ मी म्हटलं, ‘आण. पण चारनंतर ये, शेजारच्या आजी दुपारच्या झोपतात.’