देवीला जाते म्हटलं की…

माघ महिना लागला की आमच्याकडच्या बायका रविवारी पहाटे जोतिबाचे खेटे घालायला निघतात. गायमुखाच्या वाटेनं, कित्येक जणी अनवाणी. घरात कुणी ‘कशाला?’ म्हणून विचारत नाही. उलट सासूबाईच आठवणीनं नारळ हातात देतात. पण तीच बाई ‘एक डोंगर चढून येते, वरून काय दिसतं ते बघायचंय’ म्हणाली तर? मग स्वयंपाकाचं काय, पोरांच्या क्लासचं काय, आणि या वयात हे कसलं खूळ!

खेट्यांना मी नावं ठेवत नाही. तेवढ्या निमित्तानं तरी आमच्या आज्या-पणज्या उंबऱ्याबाहेर पडल्या, वारा अंगावर घेतला. मला खटकतं ते एवढंच की अजूनही निमित्त लागतंच. पुरुषांना लागत नाही. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालणारी पोरं निदान १६६० सालचा इतिहास तरी सांगतात, बाकीच्या रविवारी ती नुसतीच सॅक उचलून जातात.

दिवाळीनंतर शिरोली एमआयडीसीतल्या आम्ही बारा जणींनी कळसूबाईला जायचं ठरवलं. कुणी फाउंड्रीत कोअर शॉपला, कुणी पॅकिंगला, मी हिशेबाला. आठवडाभर आठ-आठ तास उभ्यानं काम करणाऱ्या या बायका, त्यामुळे दमण्याची भीती कुणालाच नव्हती. तरी निघेपर्यंत बाराच्या आठ झाल्या. एकीकडे पाहुणे येणार होते, एकीच्या नवऱ्याला ‘बरं वाटलं नाही’. जी सगळ्यात शेवटी आली तिनं घरी सांगितलं होतं, ‘देवीला नवस बोललेय.’ तिला लगेच परवानगी!

आणि ही देवी कोण, ते तरी बघा. गोष्ट अशी सांगतात की, कळसू ही कोळ्याची पोर. इंदोरे गावात पाटलाकडे कामाला राहिली ती अट घालून : केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. बाकी सांगाल ते करीन. एकदा पाटलाकडे पाहुणे फार झाले आणि नेमकं तेच काम तिच्या माथी मारलं. तिनं ते केलं, आणि मग तडक डोंगर गाठला. परत आलीच नाही. भांडी घासली ते थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा, अशी नावं तिकडे अजून आहेत. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, अशा बाईच्या नावाचं आहे! आपण तिथे ओटी भरतो, हात जोडतो, पण तिची अट काय होती ते पोरीबाळींना सांगत नाही.

बारी गावातून वाट निघते. आधी भातखाचरं, मग झाडी, मग उघडा कातळ आणि त्याला ठोकलेल्या लोखंडी शिड्या. शिडीवर खाली बघायचं नाही, एवढं एक पथ्य पाळलं तर कुणालाही जमेल. अडचण आहे ती वेगळीच. सकाळपासून दुपारपर्यंतच्या त्या वाटेवर आडोसा शोधत फिरावं लागतं. ट्रेकवर लिहिणाऱ्यांनी हे कधी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

वर पोचल्यावर मात्र सगळ्या गप्प झाल्या. अलंग, मदन, कुलंग ओळीनं उभे, पलीकडे भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं. नवसवालीनं देवळात हात जोडले आणि मग अर्धा तास पाठ टेकून नुसती बसून राहिली. ‘इथं कुणी हाक मारणार नाही,’ म्हणाली. कोल्हापूरची कस्तुरी सावेकर २०२२ मध्ये एव्हरेस्टवर पोचली तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुक केलं. ते हवंच. पण असा अर्धा तास मिळायला एव्हरेस्ट कशाला लागावं?

उतरून बारीत एका घरी पिठलं-भाकरी खाल्ली. ताटं विसळायला घेतली तर घरची बाई ओरडलीच, ‘राहू द्या ताई, मी घासते.’ आमच्यातल्या एकीनं तिला विचारलं, तुम्ही वर जाता का हो?

‘नवरात्रात जाते ना,’ ती म्हणाली. ‘देवीला.’