मोबाइलवरून मनाचा उपचार?



या आठवड्याच्या टपालातलं एक पत्र मी दोनदा वाचलं. तालुक्याच्या गावी राहणारी एक भगिनी लिहिते, ‘ताई, तीन महिने झाले, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. स्वयंपाक होतो, डबे जातात, पण कशातच जीव रमत नाही. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. गोळी दिली आणि समुपदेशनासाठी जिल्ह्याच्या गावी जा म्हणाले. एसटीनं दोन तास! दर आठवड्याला घरी काय सांगून निघू? भाची म्हणते, मोबाइलवरूनही उपचार होतात. हे खरं, की फसवाफसवी?’

बाई गं, खरं आहे. पण त्या नावाखाली जे जे मिळतं, ते सगळंच खरं नाही.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एरन बेक यांनी 1960च्या दशकात विचार आणि वागणूक यांवर काम करणारी एक उपचारपद्धती बसवली. तिचेच आता आठवडावार धडे करतात, साधारण आठ ते बारा. आपण धडा वाचायचा, वहीत अभ्यास करायचा आणि तज्ज्ञाला पाठवायचा. तो वाचून ते उत्तर लिहितात. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या सरकारी आरोग्यसेवेत 2007पासून असे उपचार मिळतात. सौम्य ते मध्यम नैराश्यात त्यांचा चांगला उपयोग होतो, असं अभ्यासांत दिसलंय. मात्र मागे विचारणारं माणूस हवं. नुसते धडे हाती दिले, तर पुष्कळजणी मध्येच सोडून देतात आणि गुणही कमी येतो.

अभ्यास म्हणजे काय? समजा, आमटी खारट झाली. लगेच मनात येतं, ‘मला काही म्हणता काही जमत नाही.’ तो विचार जसाच्या तसा लिहायचा. शेजारी लिहायचं, हे कितपत खरं? काल मुलानं पोळी मागून घेतली होती, तेही लिहायचं. मनाची उगाच समजूत घालायची नाही, दोन्ही बाजू मांडायच्या. दुसरा अभ्यास रोजच्या कामांचा. ‘मन लागलं की करीन’ म्हणून बसलो, तर मन लागत नाही. म्हणून आधी एखादं छोटं काम, दहा मिनिटं चालणं किंवा बहिणीला फोन, आणि नंतर कसं वाटलं त्याची नोंद.

आता हे नीट पाहून घ्या :

• मार्गदर्शन कोण करणार, त्यांचं शिक्षण काय, हे पैसे भरण्याआधी विचारा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतील, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. पलीकडे माणूस आहे की नुसतं यंत्र उत्तरं देतंय, हेही विचारा.

• मोबाइल घरात चार हातांत फिरत असेल, तर कुलूप-शब्द बदला. वही कपाटात ठेवा.

• चालू गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. डॉक्टरांना विचारूनच.

• जीव नकोसा वाटत असेल, अन्नपाणी सुटलं असेल, कानात आवाज येत असतील, तर धड्यांवर विसंबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सोबत कुणाला तरी न्या.

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा ऑक्टोबर 2022पासून सुरू आहे. क्रमांक 14416. रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पहाटे तीनला जाग आली, तर हा नंबर उशाशी असू द्या.

राहता राहिलं, घरी काय सांगायचं? ‘डॉक्टरांच्या उपचारातला रोजचा अर्धा तास अभ्यास आहे, तेवढा वेळ मला हाक मारू नका,’ एवढंच सांगा. ते खरंच आहे. ही पद्धत तुम्हाला चालेल का, ते आधी डॉक्टरांना विचारा म्हणजे झालं. सासूबाईंच्या गुडघ्यांचा व्यायाम चुकू नये म्हणून तुम्ही जपताच ना? मग हाही व्यायामच समजा.

आणि एका तरी माणसाला सगळं खरं सांगून ठेवा. भाचीनं विषय काढला, म्हणजे तिच्या काहीतरी ध्यानात आलंय. तिच्यापासूनच सुरुवात करा.

पहिला धडा झाला की दोन ओळी लिहा. वाट पाहते.

तुमची,
ताई