साठीनंतरचा उपवास

भस्मबुधवारी कपाळावर राखेचा क्रूस उमटला की आम्हा ख्रिस्ती कुटुंबांत उपवासकाळ सुरू होतो. रविवार वगळून ईस्टरपर्यंतचे हे चाळीस दिवस प्रार्थना, उपवास आणि दानधर्माचे असतात. प्रभू येशूने अरण्यात काढलेल्या चाळीस दिवसांचे ते स्मरण होय. याच दिवसांत दवाखान्यात चक्कर आलेले आजोबा येतात, रक्तातील साखर एकदम उतरलेल्या आजी येतात आणि त्यांना हाताला धरून आणणारी, स्वतःच थकून गेलेली मुलगी किंवा सून येते. आजचा लेख या दोघांसाठी आहे. एकादशी वा रमजानचे रोजे पाळणाऱ्या घरांनाही त्यातील बरेचसे उपयोगी पडेल.

“डॉक्टर, प्रभूने आपल्यासाठी एवढे सोसले, मग मी एक वेळचे जेवणही सोडू नये का?” असे वृद्ध रुग्ण विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्यांनी आयुष्यभर उपवास केले, त्यांना ‘आता करू नका’ म्हटले की आपण भक्तीलाही निकामी झालो असे वाटते. म्हणून मी आधी चर्चचा नियम सांगतो आणि औषधांचा त्यानंतर.

कॅथलिक चर्चने सक्तीच्या उपवासाचे दिवस दोनच ठेवले आहेत: भस्मबुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशीही एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडेसे खाणे चालते. हे बंधन वयाच्या १८ वर्षांपासून ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंतच आहे. साठीत पाऊल टाकले की ते संपते. ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी एक तास काही खाऊ नये असा नियम आहे, पण पाणी आणि औषध घेतल्याने तो मोडत नाही. वृद्धांना आणि आजाऱ्यांना तर या एका तासाचेही बंधन नाही. १९८३ च्या धर्मसंहितेने ही सवलत आणखी एका व्यक्तीला दिली आहे: वृद्धांची व आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्याला. रात्र जागून काढलेल्या, सकाळी घाईने चहाचा घोट घेऊन मिस्साला धावणाऱ्या माणसाची आठवण नियम करणाऱ्यांनी ठेवली, याचे मला फार समाधान वाटते.

आता शरीराचे नियम पाहू. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण टाळले, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, धडधड ही तिची लक्षणे. वृद्धांत मात्र कधी कधी केवळ असंबद्ध बोलणे किंवा गुंगी दिसते, आणि ‘प्रार्थना करता करता डोळा लागला असेल’ असे घरच्यांना वाटते. अशा वेळी साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका. तत्काळ रुग्णालय गाठा. आपल्या मनाने गोळी बंद करणे हाही उपाय नव्हे.

उपवासकाळ आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते. त्यात रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असली आणि भर दुपारी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीत उभे राहिले, की चक्कर ठरलेलीच. पाण्यावर डॉक्टरांनी मर्यादा घातलेली नसेल, तर थोडे थोडे पाणी घेत राहा. गुडघे टेकले असतील तर बाकाला धरून सावकाश उठा. न जमल्यास बसूनच प्रार्थना करा. आणखी एक गोष्ट आमच्या वसईच्या स्वयंपाकघरातली: शुक्रवारी मांसाऐवजी सुके बोंबील वा खारे मासे रांधले जातात. त्यांत मीठ भरपूर असते. रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना डाळ, भाजी किंवा ताजी मासळी बरी.

मग वृद्धांनी त्यागच करू नये का? मला वाटते, त्यांच्या वाट्याचा त्याग वयाने आधीच ठरवून दिलेला असतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात प्रभू पेत्राला सांगतो, की तरुणपणी तू स्वतः कंबर बांधून हवे तिकडे जात होतास. म्हातारपणी तू हात पसरशील आणि दुसरा कोणी तुझी कंबर बांधील. शुभवर्तमानकाराने हे वचन पेत्राच्या मरणाशी जोडले आहे. परंतु आपले बटण दुसऱ्याने लावावे लागणाऱ्या प्रत्येकाला त्यात स्वतःचे म्हातारपण दिसेल. आंघोळीला सुनेची मदत घेणे, चालताना काठी वा वॉकर धरणे, कानाचे यंत्र लावणे यांत अभिमान सोडावा लागतो. जेवण सोडण्यापेक्षा हे कठीण आहे. यंदा एवढेच केलेत तरी तुमचा उपवासकाळ सत्कारणी लागला असे समजा.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, तुम्हाला मी कुरेनेकर शिमोनाची आठवण देतो. तो रानातून येत असता शिपायांनी त्याला धरले आणि येशूचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. त्याने तो स्वेच्छेने मागितला नव्हता. त्याच्या मनात काय आले, हे शुभवर्तमाने सांगत नाहीत. तरीही क्रुसाच्या वाटेचे पाचवे स्थान त्याच्या नावाचे आहे. सेवा करताना कधी चीड आली, कधी ‘मीच का?’ असे मनात आले, म्हणून सेवेचे मोल घटत नाही. पण चीड रोजची झाली, झोप उडाली, स्वतःच्या गोळ्या चुकू लागल्या, तर तो थकव्याचा इशारा समजावा. आठवड्यातून एक दुपार भावंडांकडे हक्काने मागून घ्या, आपलाही रक्तदाब तपासून घ्या आणि निःसंकोच झोपा.

यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास सांगितला आहे. भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्यावा, आणि आपल्याच रक्तामांसाच्या माणसाकडे पाठ फिरवू नये, असा त्याचा आशय आहे. ज्यांच्या घरी आजारी माणूस नाही, त्यांनी हे दान वेळेच्या रूपाने करावे. शेजारी कोणी अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांना सांभाळत असेल, तर येत्या शुक्रवारी दोन तास त्यांच्या उशाशी जाऊन बसा. जाताना औषधांच्या वेळा विचारून घ्या, आणि सांभाळणाऱ्याला सांगा, “तू जरा बाहेर जाऊन ये. मी आहे इथे.”