तीन दिवसांची रजा आणि आपला माळवा

आम्हा डॉक्टरांना सुट्टी मिळत नाही, ती काढावी लागते. दवाखाना तीन दिवस बंद ठेवायचा तर रुग्णांची पर्यायी सोय करावी लागते आणि तेवढे उत्पन्नही बुडते. एवढ्या कष्टाने काढलेल्या रजेत सात स्थळे ‘उरकणारी’ सहल मला पटत नाही. निम्मा वेळ गाडीत, उरलेला सामान बांधण्यात. मुलांच्या लक्षात राहतात ते केवळ ढाबे!

माझे मत असे की, दोन्ही रात्री एकाच गावी काढाव्यात आणि ते गाव उज्जैनपासून चार-पाच तासांत गाठता यावे. महेश्वरच घ्या. सकाळी इंदूरमार्गे निघालो तर दुपारी जेवायला तेथे. अहिल्याबाईंची राजधानी, किल्ल्याखालचा नर्मदेचा विस्तीर्ण घाट, मागांची खटखट. प्रवासखर्चात वाचलेले पैसे नदीकाठच्या बऱ्यापैकी खोलीवर खुशाल खर्चावेत. (महेश्वरी साडी अंदाजपत्रकात आधीच धरलेली बरी.) संध्याकाळी घाटावर बसायला तिकीट लागत नाही.

दुसरा दिवस रावेरखेडीला द्यावा. पुण्याचा शनिवारवाडा आपण मुलांना हौसेने दाखवतो. तो बांधणारे थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी जेथे निवर्तले, ती नर्मदाकाठची समाधी आपल्या निमाडात असून किती कुटुंबांनी पाहिली आहे?

मांडू त्याच फेरीत कोंबू नये. ते श्रावणातल्या रजेसाठी राखावे. आपल्या उज्जैनच्या डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये शोधलेले भीमबेटका त्याच्या पुढच्या वर्षी.