राखीव जागा आणि रिकामे बाक

आरक्षणाचा विषय निघाला की सुशिक्षित घरांतही दोन तट पडतात. २००६ मध्ये केंद्रीय शिक्षणसंस्थांत इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्के जागा राखण्याचे ठरले, तेव्हा गुणवत्ता बुडाल्याचा केवढा आक्रोश झाला! एप्रिल २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उन्नत स्तर वगळून, तो निर्णय वैध ठरविला. पुढे २०१९ मध्ये खुल्या प्रवर्गातील आर्थिक दुर्बलांना १० टक्के जागा मिळाल्या. त्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहताना कालच्या आक्रोशकर्त्यांपैकी कितींना गुणवत्ता आठवली, हे ज्याचे त्याने मनाशी तपासावे.

राजर्षी शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातील रिक्त होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, हे सर्वांना पाठ असते. परंतु त्याच राजाने जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आपण त्यातला आकडा तेवढा उचलला. ऊसतोडणीसाठी आईबापांमागे फिरणारे बीडचे पोर किंवा पारध्यांच्या पालावरची मुलगी चौथीतच शाळेबाहेर पडली, तर महाविद्यालयातील राखीव जागा त्यांच्या कोणत्या उपयोगाची? हिंदू समाज एक आहे असे म्हणणाऱ्यांना ही मुले परकी कशी वाटावीत? तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या मुलांची निवासी शाळा आहे. आपल्या तालुक्यात अशी शाळा का नाही, याचे उत्तर टक्केवारीवर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही तटांकडून अद्याप यायचे आहे.