संचालिकेची खुर्ची आणि कारखान्याचे सांडपाणी

२६ मार्च १९७४ रोजी गढवालमधील रेणी गावचे पुरुष जमिनीच्या भरपाईसाठी चमोलीला गेले होते. तीच संधी साधून ठेकेदाराचे मजूर जंगलाकडे निघाले. गौरादेवींच्या नेतृत्वाखाली गावातील २७ स्त्रियांनी त्यांची वाट अडविली आणि झाडे वाचली. 'चिपको'ची ही कथा अभिमानाने सांगितली जाते. पण तिच्यातील एक वेदना सहसा ध्यानात घेतली जात नाही. जंगल विकण्याचा निर्णय जेथे झाला, तेथे गौरादेवींना स्थान नव्हते. कुऱ्हाड झाडापाशी पोहोचल्यावरच त्यांना तिच्यापुढे उभे राहावे लागले.

उद्योगक्षेत्रापुरते हे चित्र २०१३ च्या कंपनी कायद्याने निदान कागदावर तरी बदलले. या कायद्याच्या कलम १४९ ने शेअर बाजारात नोंदलेल्या सर्व कंपन्यांना किमान एक महिला संचालक नेमणे बंधनकारक केले. त्याच कायद्याच्या कलम १६६ ने पर्यावरणाचे रक्षण हा प्रत्येक संचालकाच्या कर्तव्याचा भाग ठरविला. या दोन तरतुदी एकत्र वाचल्या जात नाहीत, हीच खरी खंत आहे.

पहिल्या तरतुदीची पळवाट लगेच सापडली. अनेक प्रवर्तकांनी पत्नीला, सुनेला किंवा कन्येला संचालक मंडळावर बसवून नियमाची पूर्तता केली. अखेर 'सेबी'ला २०१९ पासून पहिल्या ५००, तर २०२० पासून पहिल्या १,००० कंपन्यांत 'स्वतंत्र' महिला संचालकाची अट घालावी लागली. दुसऱ्या तरतुदीची वाट वृक्षारोपणाच्या छायाचित्रांनी अडविली. सामाजिक दायित्वाच्या दोन टक्के निधीतून रोपे लावायची आणि वार्षिक अहवाल हिरवा करायचा! वास्तविक स्वतःच्या कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करणे हे दानधर्माच्या खात्यात बसतच नाही. ते कायद्याने लादलेले मूळ कर्तव्य आहे.

मात्र नात्याने आलेली प्रत्येक स्त्री शोभेचीच असते, असे मानणे अन्यायाचे ठरेल. पुण्याच्या थरमॅक्सचे उदाहरण बोलके आहे. १९९६ मध्ये पती रोहिंटन आगा यांचे निधन झाल्यावर अनू आगा यांच्याकडे कंपनीची धुरा आली. त्यांचे शिक्षण समाजकार्याचे. पुढे पुत्राचाही अपघाती मृत्यू झाला, कंपनी अडचणीत आली, समभागाचा भाव कोसळला. अशा वेळी त्यांनी संचालक मंडळाची फेररचना केली, कुटुंबाला दैनंदिन कारभारापासून दूर केले आणि ऊर्जा व पर्यावरण या मूळ व्यवसायावर लक्ष केंद्रित केले. २००४ मध्ये त्यांनी अध्यक्षपद कन्या मेहेर पदमजी यांच्याकडे सोपविले. उसाच्या चिपाडावर चालणारे बॉयलर, वाया जाणाऱ्या उष्णतेचा पुनर्वापर, सांडपाण्याचे शुद्धीकरण ही थरमॅक्सची उत्पादने व सेवा आहेत. येथे पर्यावरण देणगीच्या पावतीत नाही, ताळेबंदात आहे.

स्त्री ही निसर्गतःच निसर्गाची रक्षणकर्ती, हे गौरवगान कानाला गोड वाटते. पण त्यातून पुरुष संचालकांची परस्पर सुटका होते. कायदा असा भेद करीत नाही. महिला संचालकाकडून अपेक्षा एवढीच, की तिने सहीपूर्वी प्रश्न विचारावा: हे पाणी कोणत्या नदीत जाते? शुद्धीकरण यंत्रणा रात्रीही चालते काय? आणि उत्तर टाळले गेले, तर तो प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.

हाच प्रश्न भागधारक कुटुंबांनाही विचारता येतो. मोठ्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पाणी, कचरा व उत्सर्जन यांचा तपशील वार्षिक अहवालात द्यावा लागतो. लाभांशाचा आकडा पाहणाऱ्या डोळ्यांनी ती पानेही वाचावीत. रेणीच्या स्त्रियांना कुऱ्हाडीपुढे उभे राहण्यावाचून पर्याय नव्हता. आज खुर्चीत बसलेल्या स्त्रीला कुऱ्हाड उचलली जाण्यापूर्वीच ती रोखता येते. तिने मौन पाळले, तर त्या खुर्चीचे मोल केवळ लाकडाएवढेच उरेल.